मुक्काम वाढवा, ठिकाणं कमी करा

वाचकांचे प्रश्न : साहसी भटकंती

साहसी जगप्रवास आणि त्यातून स्वतःत होणारा बदल या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. वैद्यकीय माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. कोणतंही औषध सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

प्रश्न : बारा वर्षं एकाच प्रकारचं काम करतो आहे. आता सकाळी उठावंसंच वाटत नाही. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळते आहे. तेवढ्यात जमतील तितके देश पाहून नव्याने सुरुवात करायचा विचार आहे. यादीत सध्या एकोणीस देश आहेत. यातून माझ्यात खरोखर काही बदलेल का?

बदलेल, पण या यादीने नाही. सहा महिने म्हणजे साधारण १८० दिवस. एकोणीस देशांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम साडेनऊ दिवस येतात. त्यातले दोन-तीन दिवस प्रवास, सीमेवरच्या रांगा, सिमकार्ड, चलन आणि राहायची जागा शोधणं यात जातात. उरलेल्या दिवसांत माणूस प्रेक्षक असतो. पाहतो, फोटो काढतो, पुढे निघतो. तिथे कुणाशी जुळवून घ्यावं लागत नाही, त्यामुळे स्वतःचंही काही बदलावं लागत नाही.

हायो आडाम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये परदेशात राहिलेल्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण कोण आहोत आणि आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं याची स्पष्टता परदेशातल्या वास्तव्याने वाढते, असं त्यात आढळलं. मात्र ती किती देशांत राहिलात यावर नव्हे, तर किती काळ राहिलात यावर अवलंबून होती. माझ्या सवयी आणि मतं खरंच माझी आहेत, की वाढलो तिथून नकळत उचललेली आहेत, हा प्रश्न वेगळ्या रीतीने जगणाऱ्या माणसांत बराच काळ राहिल्यावरच पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याआधी २०१३ मध्ये युलिया झिमरमान आणि फ्रान्झ नायर यांनी जर्मनीतल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. एखादं सत्र किंवा वर्षभर परदेशी राहून आलेल्यांमध्ये नव्या गोष्टींबद्दलचा मोकळेपणा आणि भावनिक स्थैर्य, मायदेशी राहिलेल्यांच्या तुलनेत वाढलेलं दिसलं. त्यात मोठा वाटा तिथे जुळलेल्या नव्या नात्यांचा होता.

मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये मांडलेले टप्पेही ध्यानात ठेवा. सुरुवातीला माणूस भारावून जातो, मग चिडचिड सुरू होते, मग हळूहळू जम बसतो. बहुतेक प्रवासी चिडचिड सुरू झाली की गाव बदलतात, आणि नव्या गावात भारावलेपण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एकोणीस देशांचा प्रवास म्हणजे पहिला टप्पा एकोणीस वेळा गिरवणं. बदल तिसऱ्या टप्प्यात असतो आणि तिथे पोचायला दुसरा टप्पा पार करावाच लागतो.

म्हणून यादीतून तीन, फार तर चार ठिकाणं ठेवा. आमची सुचवणी अशी. पहिले सहा आठवडे एका गावात राहून तिथली भाषा शिका. भाषाशाळांचा नेहमीचा गट-वर्ग आठवड्याला २० तासांचा असतो. चार आठवड्यांत बाजारहाट, रस्ता विचारणं आणि साधी ओळखपाळख जमते. त्यानंतर पाच-सहा आठवडे अंगमेहनतीचा एक मोठा टप्पा, लांब पायी वाट किंवा सायकल. मग सहा-सात आठवडे एखादं कौशल्य किंवा काम. शेवटचे चार आठवडे मोकळे सोडा, कारण तोवर तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते आजच्यापेक्षा जास्त कळलेलं असेल.

काही अडचणी आधीच सांगतो. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवाही 'काम' धरली जाते आणि त्यावरून परत पाठवलं जाऊ शकतं. निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी खुलासा घ्या. अनाथाश्रमात दोन-चार आठवडे 'सेवा' देणारे कार्यक्रम घेऊ नका. ओळख होते न होते तोच माणसं निघून जाण्याचा हा सिलसिला मुलांसाठी त्रासाचा असतो. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात, अल्पमुदतीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. हा हिशोब सगळ्या शेंगेन देशांचा मिळून एकत्र होतो, शिवाय येण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सकाळी उठावंसं न वाटणं रोज असेल, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, झोप आणि भूकही बिघडली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. नैराश्य सोबत प्रवास करतं, आणि परक्या मुलखात त्यावर मदत मिळवणं जास्त अवघड जातं.

प्रश्न : किलिमांजारोसाठी पाच दिवसांचा कार्यक्रम घ्यावा की आठ? मी रोज धावतो, दम चांगला आहे. त्यामुळे पाच पुरतील असं वाटतं.

आठ दिवसांचाच घ्या. धावण्याचा दम आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंचीवर श्वास जोरात चालू लागतो, त्याने रक्तातली आम्लता घटते, आणि मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकून तो तोल सावरेपर्यंत काही दिवस जातात. रोज धावल्याने हे काम लवकर होत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि म्हणून अडकतो.

आता पाच दिवसांचा मारांगू मार्ग पाहा. पहिला मुक्काम मंदारा २७२० मीटरवर, दुसरा होरोंबो ३७२० वर, तिसरा किबो ४७२० वर, आणि त्याच मध्यरात्री ५८९५ मीटरच्या शिखराकडे चढाई. म्हणजे मुक्कामाची उंची दर दिवशी हजार मीटरने वाढते. पर्वतीय वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम असा की ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. पाच दिवसांत हे बसतच नाही. मारांगूनेच जायचं असेल तर होरोंबोला एक जादा मुक्काम घालून सहा दिवस तरी करा. लेमोशो मार्गाचे सात-आठ दिवस जास्त बरे. त्यात लाव्हा टॉवरपाशी सुमारे ४६०० मीटरला जाऊन त्याच दिवशी बरांकोला चार हजारांच्या जरा खाली झोपायला उतरतात. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपल्याने शरीराला इशारा मिळतो आणि सावरायला वेळही मिळतो.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणतात, हे औषध मूत्रपिंडांच्या याच कामाला मदत करतं. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोडायुक्त पेयं बेचव लागतात. डॉक्टरांना विचारून घरी एक-दोन दिवस घेऊन पाहा, म्हणजे डोंगरावर या मुंग्यांनी घाबरायला होणार नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि गोळी घेतली म्हणून वेग वाढवायचा नाही.

डोंगरावर डोकं दुखलं की ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. सोबत मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर त्या रात्री वरच्या मुक्कामाला जायचं नाही. चोवीस तासांत उतार नसेल तर खाली या. दोन लक्षणांना मात्र एक तासही द्यायचा नाही. पहिलं, बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला. हे फुप्फुसात पाणी साठण्याचं लक्षण असू शकतं. दुसरं, चालताना झोकांड्या. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज असण्याची शक्यता धरा. दोन्हींत रात्र असली तरी लगेच किमान ३०० ते १००० मीटर खाली उतरवायचं, आणि रुग्णाला एकट्याने सोडायचं नाही. पहिल्या काही रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा. दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो.

शिखराच्या रात्री नेहमी घडणारा घोटाळा पाण्याचा. तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि पाठपिशवीतली पाण्याची नळी तासाभरात गोठते. रुंद तोंडाच्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी वाहतं राहतं. हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या आणि फोन अंगालगतच्या खिशात.

किलिमांजारोवर परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय चढता येत नाही. आयोजकाला नेमकं विचारा : किती गिर्यारोहकांमागे एक मार्गदर्शक, प्राणवायूची नळकांडी कुठवर सोबत असते, एकाला खाली न्यायची वेळ आली तर बाकीच्यांसोबत कोण थांबतं, आणि हमालांच्या ओझ्याचं वजन रोज केलं जातं का. तिथली मर्यादा २० किलो आहे. या प्रश्नांना जो गुळमुळीत उत्तरं देतो त्याच्याबरोबर जाऊ नका. आणखी एक काम निघण्याआधी करा. कोणत्या लक्षणांवर आणि किती वाजता मागे फिरायचं ते कागदावर लिहून मार्गदर्शकाला द्या. पाच हजार मीटरवर, झोपेविना आणि थंडीत, हा निर्णय नव्याने घेण्याइतकं डोकं चालत नाही.

प्रश्न : एकटीने स्पेनमधली कामिनो दे सांतियागो ही यात्रेची वाट चालायची आहे. महिनाभर रोज चालणं झेपेल का? सामान किती घ्यावं?

झेपेल. पण पहिल्या आठवड्याची वेगळी आखणी करा, कारण बहुतेकांची वाट तिथेच बिघडते. त्यातला फ्रेंच मार्ग फ्रान्समधल्या सॉं-झॉं-प्ये-द-पोर या गावापासून सुमारे ७८० किलोमीटरचा आहे आणि लोक तो ३० ते ३५ दिवसांत चालतात. अवघड दिवस नेमका पहिला. गाव २०० मीटरच्याही खाली आहे, खिंड १४०० मीटरच्या वर, आणि रोन्सेस्वाल्येसपर्यंत जवळपास २५ किलोमीटर. उत्साहात हा दिवस एका दमात काढला की चौथ्या-पाचव्या दिवशी नडगीचे स्नायुबंध सुजतात आणि आठवडाभर बसून राहावं लागतं. त्यापेक्षा सुमारे आठ किलोमीटरवरच्या ओरिसोनला पहिला मुक्काम करा. जागा कमी असतात, म्हणून आधी आरक्षण. पुढचे पाच दिवस २० किलोमीटरच्या आतच ठेवा. डोंगरावरची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. त्या काळात दरीतल्या वाल्कार्लोसच्या वाटेने जायचं.

पाण्याशिवाय सामान आपल्या वजनाच्या दहा टक्के, हा जुना नियम चांगला आहे. साठ किलोच्या व्यक्तीला सहा किलो. ते जमवायचं तर कपड्यांचे दोनच जोड, अंगावर एक आणि धुवायला एक. हलकी झोपपिशवी, रेनकोट, मुक्कामाच्या चपला, औषधं. 'लागलं तर असावं' म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू काढून टाका, वाटेत गावागावात दुकानं आहेत.

बूट अर्ध्या ते एक मापाने मोठे घ्या आणि संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. उतारावर बोटं पुढे आपटत असतील तर तो बूट नको. निघण्याआधी त्याच बुटांत, तेच ओझं घेऊन निदान ७०-८० किलोमीटर चाला, त्यात लागोपाठ दोन दिवसांची चाल दोनदा तरी झाली पाहिजे. फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता एकत्र आल्यावर. सुती मोजे ओल धरून ठेवतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या आणि दुपारी जोड बदला. एखादी जागा चुरचुरली की पुढच्या गावापर्यंत दम धरू नका. तिथेच बसा, पाय वाळवा, पट्टी लावा. या पाच मिनिटांच्या आळसापायी कितीतरी जण वाट अर्धी सोडून परततात.

कोंपोस्तेला हे प्रमाणपत्र हवं असेल तर पायी किमान १०० किलोमीटर, आणि वाटेवरचे शिक्के यात्रेच्या पुस्तिकेत हवेत. पण स्वतःकडे पाहायला वेळ मिळावा म्हणून जात असाल तर शेवटचे शंभरच किलोमीटर चालू नका. तो भाग सर्वांत गजबजलेला. मधलं मेसेता पठार, बुर्गोसपासून पुढचं, लोक कंटाळवाणं म्हणून बसने टाळतात. आमच्या मते ते टाळू नये. डोळ्यांना गुंतवणारं काही नसतं तेव्हाच मागे टाकलेले विचार वर येतात.

प्रश्न : उंचीची फार भीती वाटते. एकदा बंजी उडी मारली की ती कायमची जाते आणि आत्मविश्वास येतो असं ऐकलं. खरं आहे का?

उडी मारल्याचा आनंद खरा असतो, पण भीती जाते असं मानू नका. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की 'मला हे जमेल' या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः प्रयत्न करून मिळवलेलं यश. बंजीत दोर दुसऱ्याने बांधलेला, तपासलेला. तुमच्याकडे असतो तो एक क्षण, आणि त्यात कौशल्य काहीच नाही.

त्याऐवजी पायऱ्या करा. बंदिस्त भिंतीवर वरून दोर बांधलेलं चढणं शिका, आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ सत्रं. भीतीला शून्य ते दहा गुण द्या. पाच-सहा गुणांपर्यंत चढा आणि तिथेच थांबा. श्वास लांब सोडा, हातांची पकड सैल करा, गुण निम्म्यावर येईपर्यंत खाली येऊ नका. भीती टोकाला असताना उतरलात तर सुटका झाली म्हणून मेंदू भीतीलाच शाबासकी देतो आणि पुढच्या वेळी ती लवकर येते. नवशिके बहुतेकदा थकव्याने नाही, भीतीपोटी आवळलेल्या पकडीमुळे हात भरून आल्याने पडतात.

मग खऱ्या कातळावरची छोटी चढाई, आणि त्यानंतर आल्प्स किंवा डोलोमाइट्समधली सोपी व्हिया फेराटा. कातळात पक्क्या ठोकलेल्या पोलादी तारेला कड्या अडकवत चढायची ही वाट. ऑस्ट्रियन श्रेणीत ए आणि बी सोप्या. साधा दोर आणि कड्या वापरू नका. इथे पडलेला माणूस खालच्या खिळ्यापर्यंत घसरतो आणि झटका प्रचंड बसतो, म्हणून झटका शोषणारा संचच लागतो. ईएन ९५८ या मानकाचे संच ४० ते १२० किलो वजनासाठी असतात. त्याहून हलक्या किंवा जड माणसाला वरून वेगळा दोर लागतो. खिळ्यापाशी एका वेळी एकच कडी काढायची, ती पलीकडे लावली की मगच दुसरी. आकाशात गडगडाट ऐकू आला तर तारेपासून दूर.

घरातल्या गच्चीवरही पाय लटपटत असतील, धडधड आणि घामाचे झटके येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. तेही अशाच पायऱ्यांनी नेतात.

प्रश्न : मी एकटी प्रवास करणार म्हटल्यावर आई-बाबांची झोप उडाली आहे. सारखे फोन करत राहिले तर माझा प्रवास कसला होणार? मार्ग सुचवा.

'पोचलीस की कळव' हा करार मोडतोच, कारण त्यात वेळ नसते. लेखी करार करा. रोज ठरलेल्या एका वेळेला एक ओळीचा संदेश : कुठे आहे, उद्या कुठे. बाकी दिवसभर फोन नाही. संदेश आला नाही तर सहा तास थांबायचं; मग मुक्कामाच्या ठिकाणी फोन; बारा तासांनी विमा कंपनीचा आपत्कालीन क्रमांक; चोवीस तासांनी वकिलात. कोणत्या टप्प्याला कोण काय करणार हे त्यांच्या हातात कागदावर असू द्या. नेटवर्क नसणारे दिवस आधीच सांगा, त्या दिवसांना करार लागू नाही. काय करायचं ते माहीत असलं की काळजी आटोक्यात राहते, आणि तुलाही मोकळीक मिळते.

दुर्गम भागात उपग्रहावरून संदेश पाठवणारं साधन उपयोगी, पण काही देशांत ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. आधी तपास. नव्या शहरात उजेडी पोच आणि पहिल्या दोन रात्रींची जागा आधी ठरवून ठेव. दोन बँकांची दोन कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत. कुणी 'कुठे उतरलात?' विचारलं तर नाव सांगायला बांधील नाहीस, आणि काही खटकलं तर शिष्टाचाराची पर्वा न करता निघून ये.

प्रश्न : वय ६१, गुडघे कुरकुरतात. आल्प्समधल्या मॉं ब्लां पर्वताची पायी प्रदक्षिणा करता येईल?

डॉक्टरांची हरकत नसेल तर येईल, पण ती पहिली वाट म्हणून नको. सुमारे १७० किलोमीटरमध्ये एकूण चढ दहा हजार मीटरचा आहे आणि तेवढाच उतार. गुडघे दुखतात ते उतारावर. नेहमीच्या दहा-अकरा दिवसांऐवजी तेरा-चौदा दिवस ठेवा, सामान गावोगाव पुढे पाठवणारी सेवा घ्या, आणि चालायच्या दोन काठ्या वापरा : सपाटीवर कोपर काटकोनात, उतारावर पाच-दहा सेंटिमीटरने लांब. बारा आठवडे आधीपासून वीस सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर सावकाश उतरण्याचा व्यायाम, दहाचे तीन संच, दिवसाआड. वेळेचा अंदाज नेस्मिथच्या १८९२ च्या नियमाने काढा, म्हणजे पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. मग त्यात निम्मा वेळ मिळवा.

प्रश्न : परदेशात स्कूटर भाड्याने घेऊन फिरायचं आहे. प्रवास-विमा आहेच. आणखी काही लागेल?

विमा आहे हे पुरेसं नाही. दुचाकीची बाब पॉलिसीत बारकाईने वाचा. निरोगी प्रवाशांच्या अपघाती मृत्यूंमागे रस्त्यावरचे अपघात हे मोठं कारण आहे, आणि नेमके हेच दावे अनेकदा फेटाळले जातात. तुमच्या मूळ परवान्यात दुचाकीचा वर्ग नसेल, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत नसेल, हेल्मेट नसेल किंवा इंजिनाची क्षमता पॉलिसीतल्या मर्यादेहून जास्त असेल, तर खर्च तुमच्यावर. आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या आणि १९६८ च्या अशा दोन करारांखाली निघतो. जपानमध्ये फक्त १९४९ चा चालतो. पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नका. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ब्रेक आणि टायर पाहा.

ट्रेकसाठी त्याच पॉलिसीत उंचीची मर्यादा किती मीटर ते पाहा. शोधमोहीम आणि हेलिकॉप्टर यांचा खर्च वैद्यकीय खर्चापेक्षा वेगळा धरतात, आणि कंपनीला आधी न विचारता मागवलेल्या हेलिकॉप्टरचे पैसे सहसा मिळत नाहीत.

प्रश्न : प्रवासात रोजनिशी लिहिते, पण नंतर वाचताना 'फार सुंदर होतं' एवढंच सापडतं.

दृश्यांचं वर्णन फोटोवर सोपवा. रोज दहा मिनिटं, झोपण्याआधी नव्हे तर जेवणाआधी, तीन गोष्टी लिहा. आज काय होईल वाटलं होतं आणि काय झालं? कुठला निर्णय घेतला आणि का? कुणाचं एक वाक्य, जसंच्या तसं. अपेक्षा आणि घडलेलं यांत जिथे अंतर पडतं, तिथे आपले गृहीत समज सापडतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास मागची पानं वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीखाली रेघ ओढा : तीच भीती, तीच चिडचिड, तोच आनंद. कागदाची वही बरी. पावसाळी भागात वही झिपच्या पिशवीत आणि लिहायला पेन्सिल, शाई पसरते. दर आठवड्याला पानांचे फोटो काढून घरी पाठवून द्या.

प्रश्न : पाच महिने पॅटागोनिया आणि अँडीजमध्ये फिरून परतले. तिथे वाटलं होतं, आता मी वेगळी झाले. पंधरा दिवसांत सगळं पूर्वीसारखं, वर उदासी. नोकरी सोडून पुन्हा निघावं का?

अजून सहा आठवडे तरी तो निर्णय घेऊ नका. परतल्यावरची ही घसरण इतकी सर्वसाधारण आहे की गलहॉर्न दांपत्याने १९६३ मध्येच तिची नोंद केली : परदेशी जाताना जो चढउतार अनुभवतो, तो घरी परतल्यावर दुसऱ्यांदा येतो. फरक एवढाच की इथे तो येईल असं कुणी धरलेलं नसतं. सुट्टीचा ताजेपणाही कामावर रुजू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ओसरतो, असं जेसिका द ब्लूम यांच्या संशोधनात दिसलं आहे. तुमचा बदल खोटा नव्हता. त्याला घरी जागा मिळालेली नाही.

सवयी जागेला आणि वेळेला चिकटलेल्या असतात. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जागा बदलली तशा जुन्या सवयी सुटल्या, पण ज्यांच्या नव्या जागेतही तेच वातावरण राहिलं त्यांच्या सवयी टिकल्या. तुम्ही जुन्याच खुर्चीत, जुन्याच वेळेला परत बसलात, त्यामुळे जुनं वागणं आपोआप आलं.

आता वही काढा आणि तिथे असताना तुम्ही रोज करत होता पण घरी करत नाही अशा गोष्टी लिहा. चार-पाच निघतील. त्यातली एकच निवडा. समजा, दिवसाचे तीन तास चालणं होतं. घरी तीन तास जमणार नाहीत, पण 'कामावरून निघालो की दोन थांबे आधी उतरून चालत घरी' हे जमेल. जेव्हा अमुक घडेल तेव्हा मी तमुक करेन, अशा शब्दांत ठरवलेली गोष्ट नुसत्या संकल्पापेक्षा जास्त पाळली जाते. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हे मांडलं. चार आठवडे ही एकच गोष्ट, मग दुसरी. सोबत खोलीत एक तरी बदल करा. टेबलाची जागा हलवा, दूरदर्शन संच बैठकीच्या खोलीतून काढा.

तिथे भेटलेल्या दोन माणसांशी महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी बोला. ऐकायला कुणी नाही, हे उदासीचं मोठं कारण असतं. घरच्यांना पाच महिन्यांची हकिगत एकदम सांगू नका, दहा मिनिटांत त्यांचं लक्ष उडतं आणि तुम्ही दुखावता. एक प्रसंग, एक फोटो, एवढंच पुरे. त्यांच्या पाच महिन्यांत काय झालं तेही विचारा.

सहा आठवड्यांनंतरही नोकरी नकोशी वाटत असेल तर कागदावर दोन रकाने करा : नोकरीतलं काय नको आहे, आणि प्रवासातलं काय हवं आहे. पहिल्या रकान्यात एखाद्या व्यक्तीचं किंवा वेळापत्रकाचं नाव येत असेल तर विभाग बदलून मागा. दुसऱ्या रकान्यात 'उघड्यावर काम', 'हाताने काम', 'नवी माणसं' असं काही येत असेल तर त्या क्षेत्रातल्या कुणासोबत रजा घेऊन पूर्ण आठवडा राबा, आणि राजीनाम्याचा विचार त्यानंतर करा.